पाण्याच्या वाराची आई

बाईंनी फुकीच्या वहीत काहीतरी लिहिलंय हे चिझुरूला कळलं, ते पिशवीतून ओला टॉवेल काढताना. अंगातला कोट अजून उतरवायचा होता. रिनच्या, म्हणजे धाकट्याच्या वहीत बाई रोज लिहायच्या: अंग गरम नाही ना, भात किती खाल्ला, दुपारी किती झोपला. तो दोन वर्षांचा होता. फुकी मात्र पाच वर्षांची, पाळणाघरातल्या सगळ्यात मोठ्या वर्गात. त्या वर्गाच्या वहीत काही असलं, तर ते काहीतरी विशेषच असायचं.

ती तिथेच, दाराजवळच्या पायरीवर बसली आणि वाचू लागली.

‘फुकी-चान आज चित्र काढताना म्हणाली की तिला दोन आई आहेत. एक रोजची, आणि दुसरी फक्त पाण्याच्या वारी येते. दुसरी जास्त हसते, असंही म्हणाली. तुमच्या घरच्या गोष्टींत लक्ष घालण्याचा माझा हेतू नाही. पण कधी बोलून मन मोकळं करावंसं वाटलं, तर मला हाक मारा. — नोझाका.’

जपानी आठवड्याच्या वारांमध्ये मंगळवारच्या वाट्याला आग आलेली आहे, बुधवारच्या वाट्याला पाणी. पाण्याच्या वारी येणारी दुसरी बाई! एक श्वासभर चिझुरूने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. कोसुके मोरीपाशी उभा राहून मुळा किसत होता, रेल्वेचा गणवेश अर्धा उतरवलेला, आणि रिन त्याच्या पायाला वेल चढावा तसा चिकटलेला. मग तिच्या ध्यानात आलं, की पाण्याच्या वारी घरी असते ती आपणच. आणि त्या श्वासभर संशयापेक्षा हे जास्त लागलं.

“कोसुके, हे वाच.”

त्याने हात पुसत वाचलं आणि मोठ्याने हसला. “म्हणूनच! मी आज मुलांना आणायला गेलो तर बाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. इतक्या खाली वाकल्या की मला वाटलं आपल्यातलं कुणी गेलं की काय. वर म्हणतात, ‘घरी सगळ्यांना सांभाळून घ्या.’ सगळ्यांना!”

“हसू नकोस.”

“अगं, हसू नको तर काय करू? पगार एका बायकोला पुरेना आणि बाई मला दोन देतायत.”

“मी म्हटलं हसू नकोस.”

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि मुळा किसायला परत वळला. लग्नाला सात वर्षं झाली होती. कुठे थांबायचं हे त्याला कळत होतं. छोट्या रेल्वेवर गाडी चालवणाऱ्या माणसाला थांबे पाठ असतात.

गोष्ट अशी होती. गावात निम्मी माणसं चष्म्याच्या फ्रेमवर जगतात आणि चिझुरू त्यातलीच. रिन झाल्यावर तिने कमी तासांची सवलत घेतली तेव्हा तिला तपासणी विभागातून काढून खोकी भरायला बसवलं होतं. नऊ ते चार. रोज चार वाजता पिशवी पोटाशी धरून, सगळ्यांच्या पाठींना वाकत, “तुमच्या आधी निघते, माफ करा” म्हणत बाहेर पडायचं. म्हणतात सगळेच, पण सगळ्यांचं ते नुसतं बोलणं असतं. चिझुरू दीड वर्ष खरोखरच माफी मागत होती. मग कारखान्याने नवी सोय काढली. पाच दिवसांचे तास चार दिवसांत भरा आणि पाचवा दिवस तुमचा. रोजचे दहा तास, पगार पूर्ण, आणि तपासणीतली जागा परत. चिझुरूने मधला दिवस मागून घेतला, बुधवार. आठवड्याचं गाठोडं मधोमध बांधलं तर उचलायला हलकं जाईल, असा तिचा हिशेब.

तीन महिने करून बघायचं ठरलं होतं. ते या आठवड्यात संपत होते. विभागप्रमुख उएसाका-सान यांनी दिलेला कागद तिच्या पिशवीत घडी न मोडता पडला होता. गुरुवारी दुपारच्या आत भरून द्यायचा: पुढे चालू ठेवायचं, की पुन्हा नऊ ते चार, खोकी. खाली ‘शेरा’ म्हणून एक रिकामी चौकट, जिच्यात सहसा कुणी काही लिहीत नाही.

कालपर्यंत तिला उत्तर माहीत होतं. चार दिवस मुलांना सकाळी सातला, फाटक उघडायच्या आधीच, पाळणाघरापुढे उभं करायचं आणि संध्याकाळी सातला घरात शिरायचं. त्या बदल्यात एक अख्खा, न फाटलेला दिवस. तिला वाटत होतं सौदा फायद्याचा आहे. सौद्यातला आपला निम्मा भाग मुलीने दुसऱ्याच बाईच्या नावावर टाकलाय, हे तिला आज कळत होतं.

दुसऱ्या दिवशी, पाण्याच्या वारी, ती स्वतःवरच पहारा ठेवून होती. आवाज किती वर जातो, ‘लवकर’ किती वेळा म्हणते. ती एकदाही म्हणाली नाही. म्हणायची वेळच आली नाही, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं. साडेआठला उठून मुलांनी भात आणि सॅमन मासा खाल्ला. रिनने मोज्यात स्वतःच पाय घालण्यात पंधरा मिनिटं घालवली आणि कुणी त्याच्या हातातून मोजा ओढून घेतला नाही. बर्फ फारसं पडलं नव्हतं, नुसतं रस्त्याच्या कडेला मळकट साचलेलं. तिघं चालत मिठाईवाल्याकडे गेली आणि थंडीतलं योकान घेऊन आली. इतर गावांत हा पातळ, थरथरता गोड पदार्थ उन्हाळ्यात खातात म्हणे. इथे तो रजई घातलेल्या, आत ऊब असणाऱ्या बुटक्या मेजाखाली पाय घालून, डिसेंबरात, पसरट खोक्यातून लाकडी चमच्याने खरवडून खायचा.

“कोपरा माझा,” फुकी म्हणाली.

“ना, ना!” रिन ओरडला. त्याला दोनच गोष्टी ठाम येत होत्या, ‘आई’ आणि ‘ना’.

“कोपरे चार आहेत,” चिझुरू म्हणाली.

“पण बाबा आले की तीन होतात.”

जेवणानंतर, भर दुपारी, तिने न्हाणीतल्या टाकीत गरम पाणी भरलं. हीसुद्धा पाण्याच्या वाराची चैन. बाकीच्या दिवशी आंघोळ म्हणजे एकाला साबण लावेपर्यंत दुसरा कुडकुडणार. आज खिडकीतून उजेड येत होता, पाण्यावर वाफ, आणि तिघं गळ्यापर्यंत बुडालेली. रिन एका पेल्याने पाणी घेऊन दुसऱ्यात ओतत होता, महत्त्वाचं काम असल्यासारखा.

चिझुरूने कालपासून दाबून ठेवलेलं अखेर विचारलं. “फुकी, चित्र काढताना बाईंना काय सांगितलंस गं?”

“खरं तेच सांगितलं.”

“दोन आई?”

“हो. लवकर-आई आणि पाण्याची आई.” फुकीने बोटांनी पाण्यावर टिचकी मारली. “लवकर-आई बूट घालून बोलते. पाण्याची आई बसून बोलते.”

चिझुरूला वाटलं होतं, ऐकून आपल्याला रडू येईल. आलं नाही. मुलीने इतकं अचूक पाहिलं होतं की खोटं म्हणायला जागाच नव्हती. फ्रेम तपासताना ती स्वतः असंच बघते. फ्रेम काचेच्या सपाट पाटीवर ठेवायची, वरून बोट टेकवायचं. दोन्ही काड्या टेकल्या तर बरोबर, एक जरी उचलली गेली तर फ्रेम डुलते आणि ‘टिक’ असा बारीक आवाज येतो. कुणी कितीही समजूत काढली तरी टिक तो टिकच.

“मग समज,” ती सावकाश म्हणाली, “लवकर-आई यायचीच बंद झाली. त्याऐवजी पाण्याची आई रोज थोडी थोडी आली, तर?”

“थोडी थोडी म्हणजे?”

“म्हणजे रोज चार वाजता सुटून, साडेचारला तुम्हाला घ्यायला. सकाळी पण आरामात. पण मग आजच्यासारखा अख्खा दिवस नाही.”

फुकीने विचार केला. पाच वर्षांच्या पोरीपुढे आपण आपला कागद भरायला ठेवलाय, हे चिझुरूला कळत होतं; आणि तरी ती उत्तराची वाट बघत होती.

“दुपारची अशी आंघोळ?”

“नाही.”

“योकान?”

“योकान रविवारी खाऊ.”

“रविवारी बाबा असतात.” हा मुद्दा निकालात निघाला. मग फुकीच्या कपाळाला आठी पडली. “आणि वेणी कोण घालणार?”

“वेणी? मीच घालीन की.”

“तू नको. तुला येत नाही.”

“मला येत नाही?”

“तू सैल घालतेस. बघ ना.” फुकीने ओल्या केसांचा गुंता पुढे ओढला. चिझुरूने सकाळी मांडीवर घेऊन, फणीने हळूहळू सोडवत, गाणं म्हणत वेणी घातली होती. ती दुकानापर्यंतसुद्धा टिकली नव्हती. “लवकर-आई घट्ट घालते. दारात, बूट घालून. दुखतं, पण सुटत नाही. दुपारी सगळ्यांना झोपवतात ना, तेव्हा मी ती हातात धरून झोपते. संध्याकाळपर्यंत राहते.”

रिनने पेला तिच्या डोक्यावर उपडा केला. बरंच झालं. चेहऱ्यावरचं पाणी पुसायला तिला कारण मिळालं.

सकाळची ती तीन मिनिटं चिझुरू कधी मोजतच नव्हती. तिच्या लेखी तो दिवसातला सगळ्यात वाईट भाग होता: दातांत रबर धरलेलं, एक डोळा घड्याळावर, गुडघ्यांच्या मध्ये पोरीला पकडून ठेवलेलं, आणि मधूनमधून “हलू नकोस गं, लवकर!” त्या तीन मिनिटांत जे काही हाताखालून गेलं, ते फुकी दिवसभर उशाशी घेऊन झोपत होती.

“आणि रिनला?” तिने विचारलं. “रिनला कोणती आवडते?”

फुकीने भावाकडे पाहिलं. “त्याला अजून कळत नाही. तो सगळ्यांनाच ‘ना’ म्हणतो.”

रिनचं उत्तर मात्र तिला कुणी देणार नव्हतं. गुरुवारी सकाळी फाटकात तो जितका रडतो तितका बाकी कुठल्याच दिवशी रडत नाही, हे तिला माहीत होतं. अख्खा दिवस मिळाला की तो तुटतानाही अख्खाच तुटतो. हे तिने कुठल्याही वहीत लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी मुलं चित्रं बघत बसली असताना तिने फुकीच्या वहीत उत्तर लिहिलं. दोनदा खोडून तिसऱ्यांदा एवढंच ठेवलं: ‘काळजी केल्याबद्दल आभारी आहे. दोन्ही आई मीच आहे. पाण्याच्या वारी मला सुटी असते.’

गुरुवारी सकाळी सव्वासहा वाजता दारात नेहमीची रणधुमाळी. रिनचं तापमान मोजून वहीत लिहिलं, छत्तीस पूर्णांक सात. त्याचा एक बूट सापडेना, तो कोसुकेच्या टोपीत सापडला. चिझुरूने बूट चढवले आणि फुकीच्या आधी स्वतःच पायरीवर बसली. फुकी आपसूक येऊन तिच्या गुडघ्यांत शिरली, मान ताठ करून. दातांत रबर. तीन पेड, ओढ, आवळ, ओढ.

“आई गं!”

“दुखलं?”

“थांबू नकोस, लवकर कर,” फुकी म्हणाली.

फाटकात रिन रडला. त्याला तिच्या गळ्यापासून बोट बोट सोडवावं लागलं. मग नोझाकाबाई बाहेर आल्या. वय पंचविशीच्या आतलं, एप्रनच्या खिशावर ससा. त्यांनी तिथेच वही उघडली, वाचली, आणि लाली गळ्यापासून निघून कानांच्या पाळ्यांपर्यंत पोचली.

“अरे देवा! म्हणजे दोन्ही... आणि मी परवा यामागिशी-सानना, तुमच्या मिस्टरांना...”

“फाटकापर्यंत सोडलंत.”

“मी त्यांच्याकडे असं बघितलं हो! अशा नजरेनं!” त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “त्यांना काय वाटलं असेल?”

“त्यांना वाटलं कुणीतरी वारलं.”

बाई हसू दाबायला गेल्या आणि रिनसुद्धा, रडण्याच्या मध्ये, काय झालं ते बघायला थांबला. ते चार-पाच क्षण साधून चिझुरू गाडीकडे पळाली.

तपासणीच्या खोलीत शेजारच्या मेजावर त्सुबोकावा हात्सुए बसायची. वय एकसष्ट, या कारखान्यात चाळीस वर्षं, तीन मुलं मोठी केलेली, आणि जीभ खिळे ठोकायच्या कामाची.

“आलीस का? काल नव्हतीस ते बरं झालं.” तिने एक लहान तबक चिझुरूकडे सरकवलं. त्यात दोन फ्रेम होत्या. “मंगळवारचं तुझं शेवटचं तबक बघितलं मी. ठेव पाटीवर.”

चिझुरूने पहिली फ्रेम काचेवर ठेवून बोट टेकवलं. टिक. दुसरी. टिक.

तिने दुसरी पुन्हा टेकवून बघितली. “या... या मी पास केल्या?”

“तूच. दहाव्या तासाला.”

“उएसाका-सानना सांगितलंत?”

“मी काय चहाडखोर आहे? सरळ करायला घेतल्या होत्या, पण म्हटलं तुला दाखवल्याशिवाय नको.” त्सुबोकावाने नाकावरचा चष्मा वर सारला. “तोंड असं करू नकोस, कालचा मुळा दिसतेस.”

“मग कागदावर खोकीच लिहिते,” चिझुरू म्हणाली. बोलताना आपला आवाज किती सहज निघाला हे तिला विचित्र वाटलं. जणू गेले दोन दिवस ती कुणी तरी एक टिक ऐकवण्याचीच वाट बघत होती.

“कशाला?”

“डोळे टिकत नाहीत माझे. घरी एक, इथे एक. कुठेच धड नाही.”

“अगं बये, दहाव्या तासाला कुणाचे टिकतात? माझे आठव्याला संपतात. मग मी काय करते? शेवटच्या तासाला फ्रेमला हात लावत नाही. खोक्यांच्या चिठ्ठ्या लिहिते, नोंदवही भरते. तुझ्या लक्षात नाही आलं? सगळं जग बघत बसतेस, शेजारची म्हातारी सोडून!”

चिझुरूच्या लक्षात आलं नव्हतं. ती नोंदवही सकाळी, ताज्या डोळ्यांनी, आटोपून टाकायची; कंटाळवाणं काम आधी, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

“उलटं कर,” त्सुबोकावा म्हणाली. “डोळे ताजे असताना डोळ्यांचं काम. थकलीस की हातांचं. एवढं कॉलेज शिकलीस!”

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

“कोण सांगणार? एकदा तीनशे डुलत्या फ्रेम टोकियोला पाठवल्या, तेव्हा कळलं.” तिने तबकातली एक फ्रेम सरळ करायला घेतली. “माझा धाकटा तेव्हा तुझ्या रिनएवढा होता. पाच दिवस, नऊ-नऊ तास, आणि बुधवार म्हणजे नुसता बुधवार. त्या वर्षातली एक दुपार आठव म्हणालीस तर नाही आठवायची मला. तुझ्याकडे आहे. लोकांनी टोमणे मारले असते तरी तेवढा एक दिवस मी पण मागितला असता.”

“टोमणे तर तुम्ही मारता. ‘बाकीचे तासभर आधी निघतात, यामागिशीबाई पाण्याच्या वारी आदल्याच दिवशी निघतात’ म्हणून.”

“मग! चांगला आहे की तो. मीच केलाय.”

दुपारच्या डब्याआधी चिझुरूने कागद भरला. ‘पुढे चालू’च्या चौकटीत खूण केली. मग शेऱ्याच्या रिकाम्या चौकटीकडे बराच वेळ बघत राहिली, आणि लिहिलं: ‘शेवटच्या तासात तपासणी नको. त्या वेळेत नोंदवही आणि चिठ्ठ्या करीन. मंगळवारी माझ्या हातून दोन फ्रेम चुकल्या.’

उएसाका-सान यांनी तो उभ्यानेच वाचला. एकदा वाचला, परत वाचला. “शेवटची ओळ लिहायची काही गरज नव्हती.”

“हो. पण आधीच्या ओळीचं कारण तेच आहे.”

त्यांनी मान हलवली, शिक्का काढला, आणि जपून, अगदी सरळ, उमटवला. “बघू. वसंतापर्यंत असं चालवून बघू.”

साडेसहाला ती उठली तेव्हा खोलीत रात्रपाळीचा एकटा मुलगा यंत्र पुसत होता. “तुमच्या आधी निघते,” ती म्हणाली. ‘माफ करा’ म्हणायचं राहिलं ते तिला गाडीत बसल्यावर आठवलं.

घरात मुळ्याच्या सुपाचा वास येत होता. रिनने तिला पाहिलं, “ना!” म्हणाला आणि बापाच्या मांडीत तोंड लपवलं. गुरुवारचा राग तो संध्याकाळपर्यंत जपून ठेवायचा. उतरायला त्याला थोडा वेळ लागायचा. तिने त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला. तो हात त्याने झटकला नाही.

फुकी पाठमोरी येऊन तिच्यापुढे उभी राहिली. वेणी अजून होती. टोकाशी जरा विस्कटलेली, मधे दुपारच्या झोपेत चुरगळलेली, पण तिन्ही पेड जागच्या जागी.

“राहिली बघ,” फुकी म्हणाली. मग वळून, अगदी गंभीरपणे, “पाण्याच्या आईला पण शिकव ना.”

“शिकवते,” चिझुरू बूट काढत खाली बसली. “पण ती जरा सावकाश शिकते.”